तिसऱ्या बेसवर कोण? बोस्टन रेड सॉक्स टीमचे सव्वीस जण पाडव्याच्या आधी ठरवू या

गुरुवार, ६ मार्च २०२५, रात्र
श्रूसबरीहून

नमस्कार मंडळी,

ज्यांना बेसबॉलमध्ये रस नाही त्यांनी हा मेल खुशाल डिलीट करा, पाडव्याच्या जेवणाच्या कूपनांचा मेल वेगळा आलाय. बाकीच्यांशी मला बोलायचंच आहे, कारण २७ मार्चला टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला आपली पहिली मॅच आहे आणि तीन आठवडे राहिलेत तरी तिसऱ्या बेसवर दोन माणसं आणि दुसऱ्या बेसवर कुणीच पक्कं नाही.

थोडक्यात मांडतो. आपल्या थर्ड बेसमन रफाएल डेव्हर्सचा करार १० वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलर्सचा, २०३३ पर्यंत. फेब्रुवारीत आपण अलेक्स ब्रेगमनला घेतलं, ३ वर्षं, १२ कोटी. ब्रेगमन गेल्या वर्षीचा अमेरिकन लीगचा गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) थर्ड बेसमन. फोर्ट मायर्सच्या सरावाच्या कॅम्पमध्ये डेव्हर्सला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, तिसरा बेस माझी जागा आहे, मी डीएच (फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) होणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ब्रेगमन तिसऱ्यावर, डेव्हर्स डीएच. गेल्या वर्षी आपण ८१ जिंकलो ८१ हरलो, आणि त्यातल्या कितीतरी मॅचेस आपण बॉल धरता न आल्यामुळे घालवल्या, तुम्ही पण बघितल्यात. आपले पिचर हाउक आणि बेयो दोघंही सिंकर (खाली बुडणारा बॉल) टाकणारे, बॅट्समन बॉल जमिनीवरच मारणार, मग इनफिल्ड (बेसजवळचे फील्डर) गळकं असेल तर त्यांनी काय करायचं? आणि डीएच म्हणजे काही हकालपट्टी नाही हो. डेव्हिड ऑर्टिझ याच आपल्या फेनवे मैदानावर डीएच म्हणून खेळला आणि २०२२ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.

दुसऱ्या बेसवर सुरुवातीला हॅमिल्टन आणि रोमी गोन्झालेझ आलटूनपालटून. नवखा क्रिस्टियन कॅम्पबेल मला मनापासून आवडतो, पण त्याला एप्रिलभर वूस्टरला, आपल्या ट्रिपल ए म्हणजे एक पायरी खालच्या टीममध्ये ठेवा. फोर्ट मायर्समध्ये सध्या त्याच्या हिट्स पडत नाहीयेत, स्ट्राइकआउट फार होतायत. महिनाभर ट्रिपल ए खेळू दे, सेट होऊ दे.

बोला.

शुक्रवार, ७ मार्च, दुपार
ऑलस्टनहून

दादा नमस्कार, मी मंडळात नवीन आहे, ऑगस्टमध्येच आलोय शिकायला, पण हा विषय बघून राहवलं नाही.

तुम्ही म्हणता ते ग्लव्हच्या बाबतीत शंभर टक्के मान्य, पण एक गोष्ट तुम्ही धरलेली नाही. ब्रेगमनच्या करारात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा आहे आणि दुसऱ्या वर्षानंतर पण आहे, म्हणजे त्याचं वर्ष चांगलं गेलं तर तो नोव्हेंबरमध्ये निघून जाऊ शकतो. आणि डेव्हर्स अजून नऊ सीझन्स आपला आहे. जो माणूस कदाचित एकच वर्ष राहणार त्याच्यासाठी नऊ वर्षं राहणाऱ्याला दुखवायचं? त्यापेक्षा ब्रेगमनलाच दुसऱ्या बेसवर टाका, तो स्वतः तयार आहे म्हणतो, आपला मॅनेजर कोरा त्याला २०१७ पासून ओळखतो, तेव्हा ब्रेगमन ह्यूस्टनला खेळायचा आणि कोरा तिथे बेंच कोच होता.

दुसरं आपल्या आउटफिल्डर योशिदाचं. त्याचा ५ वर्षांचा ९ कोटींचा करार, ऑक्टोबरमध्ये खांद्याचं ऑपरेशन झालंय, अजून आउटफिल्डमधून फेकायच्या तयारीत नाही, म्हणजे तो सध्या फक्त डीएचच होऊ शकतो. डेव्हर्सला डीएच केलं की योशिदाला बसवायचं कुठे? एका खुर्चीवर दोन माणसं होतात.

कॅम्पबेलबद्दल सांगतो, हा फक्त फॉर्मचा प्रश्न नाहीये. सीझन साधारण १८७ दिवसांचा आणि १७२ दिवस वरच्या टीममध्ये काढले की खेळाडूचं एक वर्ष भरतं. पोराला दोन-अडीच आठवडे खाली ठेवलं की तो क्लबच्या ताब्यात एक वर्ष जास्त राहतो. शिकागोने २०१५ ला क्रिस ब्रायंटला असंच १७ एप्रिलपर्यंत खाली ठेवलं होतं, त्याचे दिवस भरले १७१, एक दिवस कमी. त्याने तक्रार लढवली आणि २०२० मध्ये हरला. म्हणून लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२२ च्या करारात नियम आला, की नावाजलेला नवखा खेळाडू पूर्ण वर्ष खेळवला आणि तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला उत्तम नवखा) झाला तर क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) जादा पिक मिळतो. सिएटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाला, बाल्टिमोरला गनर हेंडरसनमुळे. म्हणजे खाली ठेवण्यातही फायदा आणि वर आणण्यातही फायदा. दादा तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण एप्रिलभर वूस्टर म्हटलं की मला आधी ब्रायंटच आठवतो.

शुक्रवार, ७ मार्च, रात्री उशिरा
बर्लिंग्टनहून

सर्वांना नमस्कार.

मी बेसबॉलकडे क्रिकेटच्या वाटेने आलो, अठ्ठ्याऐंशी साली इथे उतरलो तेव्हापासून रेड सॉक्स माझे. हा आठवडा माझा वाईट गेला. सोमवारी मुंबईचे डावरे स्पिनर पॅडी शिवलकर गेले, ८४ वर्षांचे होते. दादरला आमचं घर, शिवाजी पार्क जिमखान्याच्या कुंपणाला टेकून मी त्यांना नेट्समध्ये बघितलंय. दोन पावलं चालल्यासारखा रनअप, हात डोक्यावरून यायचा आणि बॉल बॅट्समनच्या समोर जणू विचार करत खाली उतरायचा. १९७३ ची रणजी फायनल मद्रासला, पहिल्या डावात १६ रन्समध्ये ८ आणि दुसऱ्यात १८ मध्ये ५. मी तेव्हा शाळेत, वडिलांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता. ५८९ फर्स्ट क्लास विकेट्स आणि टेस्ट एकही नाही. त्याच काळात बेदी होता, आणि बेदी बेदीच होता, त्याला कुणी बसवावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण एका वेळी दोन डावरे खेळवायचं धाडस कुणी केलं नाही, दौऱ्यामागून दौरे गेले, आणि माणसाचं वय काही थांबत नाही.

म्हणून मला "महिनाभर सेट होऊ दे" हे वाक्य ऐकवत नाही. तुमचा राग नाही हो, तुम्ही मनापासून लिहिलंय. पण कॅम्पबेलने २०२४ मध्ये खालच्या तीन लेव्हल्स खेळून ०.३३० ची ॲव्हरेज आणि २० होमरन्स केले, चौथ्या राउंडमध्ये निवडलेला पोरगा, ज्याचं नाव वर्षभरापूर्वी फार कुणाला माहीत नव्हतं. तयार आहे की नाही हे फोर्ट मायर्सच्या तीस-चाळीस अॅट बॅट्सवर ठरवायचं? तिथे समोरचा पिचर नवीन ग्रिप तपासत असतो, सहाव्या इनिंगनंतर तर शहात्तर नंबरची जर्सी घातलेली पोरं खेळतात. जागा दुसऱ्या बेसवर रिकामी आहे, त्याच्या पुढे कुणी बेदी उभा नाही. खेळवा.

शनिवार, ८ मार्च, सकाळ
नॅशुआहून

काका, तुमचा मेल वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझे बाबा पण पॅडींचं नाव निघालं की असेच बोलायचे.

मला वेगळं लिहायचंय. सगळे डेव्हर्सने कुठे खेळावं ते बोलतायत, त्याला ते कुणी आणि कसं सांगावं हे कुणी बोलत नाहीये, आणि मला तर तेच मुख्य वाटतं. माझी मुलगी गावच्या लीगमध्ये सॉफ्टबॉल खेळते, बारा वर्षांची आहे, तिसरा बेस. दोन वर्षं तिने गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारून मारून ग्राउंडर्स धरले, भिंतीवरचा रंग गेलाय तेवढ्या भागाचा. गेल्या मे महिन्यात आम्ही मैदानावर पोचलो तर लाइनअपचा कागद डगआउटच्या जाळीला अडकवलेला, तिच्या नावापुढे राइट फील्ड. कोच दहा फुटांवर उभे होते, बॅटींच्या पिशव्या लावत होते, एक शब्द बोलले नाहीत. ती काही रडली नाही, गेली राइट फील्डला, पण ग्लव्ह घालायच्या आधी तिने तो दोनदा पालथा करून बघितला, इनफिल्डचा छोटा ग्लव्ह होता ना, आउटफिल्डचा तिच्याकडे नव्हताच. कोचचा निर्णय कदाचित बरोबर असेल, नवीन मुलीचा हात खरंच जोरदार होता. पण घरी येताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "आई, मला आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

आता डेव्हर्सचं बघा. तो म्हणतो करार झाला तेव्हा तिसऱ्या बेसबद्दलच बोलणं झालं होतं. तो करार जानेवारी २०२३ चा, टीमचा बेसबॉल प्रमुख ब्रेस्लो आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ज्यांच्याशी बोलणं झालं ते गेले आणि नवीन माणूस म्हणतो टीमच्या हिताचं बघू. टीमचं हित बघायलाच हवं, दादांशी मी सहमत आहे, ब्रेगमनच तिसऱ्यावर हवा. पण त्या माणसाला ब्रेगमनची सही होण्याआधी, समोर बसवून, त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं. २०२० ला मुकी बेट्स गेला, २०२२ ला बोगार्ट्स सॅन डिएगोला गेला, २०१८ च्या त्या १०८ विजयांच्या टीममधला हाच एक मोठा बॅट राहिला आणि राहतो म्हणाला. त्याचा मान ठेवायला नको?

शनिवार, ८ मार्च, संध्याकाळ
श्रूसबरीहून

ताई, तुमच्या मुलीचा तो ग्लव्ह डोळ्यांसमोरून जात नाहीये. तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो आणि पहिल्या मेलमध्ये मी "डीएच म्हणजे हकालपट्टी नाही" असं फार सहज लिहून गेलो. ज्याने लहानपणापासून एकच जागा धरलीय त्याला तसं वाटत नसणार. डेव्हर्सशी कोराने एकट्याने बोलावं, आणि फक्त या वर्षाचं बोलावं: तुझे दोन्ही खांदे गेल्या वर्षी दुखत होते, या वर्षी अंगावरचा भार कमी करू, ब्रेगमन गेला तर जागा परत उघडी आहे. हे खोटं आश्वासन नाही, करारातच तशी शक्यता आहे.

पण ऑलस्टनच्या मित्रा, ब्रेगमनला दुसऱ्या बेसवर टाकायला माझा अजूनही विरोध आहे. २०२३ पासून शिफ्ट (इनफिल्डर एका बाजूला गोळा करणं) बंद झाली, सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर उभे करावेच लागतात. पूर्वी हळू पायाचा सेकंड बेसमन आउटफिल्डच्या गवतात उभा करून झाकता यायचा, आता नाही येत. तिथे आता पळणारा माणूस लागतो. ब्रेगमनची ताकद त्याच्या पहिल्या पावलात आणि हातांत आहे, आणि ती तिसऱ्या बेसवरच कामी येते, जिथे बॉल डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो आणि मग १२७ फूट फेकायचं असतं. जगातला उत्तम थर्ड बेसमन आणून त्याला दुसरीकडे उभं करायचं आणि आपल्याच पिचर्सना तोंडघशी पाडायचं हे मला पटत नाही. योशिदा सुरुवातीला आयएलवर (जखमींच्या यादीत) राहील, खांदा पूर्ण बरा करेल, ती अडचण मे-जूनमधली आहे.

आता काका, तुमच्यासाठी. मी सप्टेंबरमध्ये वूस्टरच्या मैदानावर, पोलर पार्कला होतो, घरापासून पंधरा मिनिटं. मॅचच्या बऱ्याच आधी गेलो होतो, थंडी पडायला लागली होती. कॅम्पबेल एकटा दुसऱ्या बेसवर, कोच गुडघ्यावर बसून हाताने बॉल सोडतोय, हा धरतोय, वळतोय, शॉर्टस्टॉपच्या जागी कुणीच नाही तरी तिकडे रिकाम्या बॅगकडे फेकतोय. पंचवीसएक वेळा तेच. मध्येच एक बॉल हातातून निसटला तर तो थांबला, पायांची जागा बोटाने मातीत आखली आणि त्या रेघेवर उभा राहून परत सुरू. मी तेव्हाच बायकोला म्हटलं होतं, हा पुढच्या वर्षी इथे दिसणार नाही. आणि मीच आता त्याला एप्रिलभर वूस्टरला ठेवा म्हणतोय, फोर्ट मायर्सच्या दोन आठवड्यांवरून! माझं मत मी मागे घेतो. कॅम्पबेल पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या बेसची आशा आपण गेल्या वर्षी व्हॉन ग्रिसमवर ठेवली होती, त्याच्यासाठी ख्रिस सेल दिला, सेलने अटलांटात साय यंग (उत्तम पिचरचं बक्षीस) घेतलं, ते अजून सलतंय, पण त्याची भीती या पोरावर काढायला नको.

रविवार, ९ मार्च, सकाळ
ऑलस्टनहून

दादा, शिफ्टचा मुद्दा मी धरलाच नव्हता, तो पटला. ब्रेगमन निघून गेला तर काय ही काळजी मात्र माझी तशीच आहे, आणि ताई म्हणतात तसं कुणी डेव्हर्सशी नीट बोललंच नाही तर जूनपर्यंत हे प्रकरण चिघळेल असं मला वाटतं.

घड्याळ एक तास पुढे गेल्यामुळे झोप झाली नाही पण यादी केली. पिचर क्रोशे पहिल्या दिवशी, त्याच्यासाठी चार प्रॉस्पेक्ट्स (होतकरू पोरं) दिलेत, दुसरं कोण टाकणार. मग हाउक, ब्यूलर. जिओलिटोचा हॅमस्ट्रिंग धरलाय, बेयोचा खांदा, क्रॉफर्डचा गुडघा, म्हणून फिट्सला संधी. कॅचर वाँग आणि यांकीजकडून आणलेला नार्व्हाएझ. कसास पहिल्यावर, स्टोरी शॉर्टला. ड्युरान, राफाएला, अब्रेउ आउटफिल्डमध्ये. रोमन अँथनी आणि मार्सेलो मेयर वूस्टरला, अँथनी अजून वीसचाच आहे आणि आउटफिल्डमध्ये खरंच जागा नाही. पिचर्स तेराच्या वर ठेवता येत नाहीत, म्हणून शेवटची जागा हॅमिल्टनला, गेल्या वर्षी ३३ बेस चोरले त्याने, नवव्या इनिंगला पळायला कुणीतरी हवंच.

रविवार, ९ मार्च, दुपार
बर्लिंग्टनहून

यादी उत्तम. माझा बदल एकच, कॅम्पबेल खालच्या नंबरवर बॅटिंगला, आणि पहिले दोन आठवडे हिट पडली नाही तरी त्याला काढायचं नाही.

४ एप्रिलला फेनवेला सेंट लुईसविरुद्ध पहिली होम मॅच आहे, तिकिटं हाताबाहेर आहेत. त्यापेक्षा मे महिन्यात श्रूसबरीकर आपल्याला पोलर पार्कला नेतील का? अँथनी आणि मेयर तोवर तिथेच असतील असं धरून चालू. नॅशुआच्या ताईंनी मुलीला आणावं, तिला मी पहिल्या रांगेत, तिसऱ्या बेसच्या बाजूला बसवीन. आणि आउटफिल्डचा ग्लव्ह माझ्या मुलाचा पडून आहे, चामडं अजून मऊ आहे, हवा असेल तर पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येतो.

रविवार, ९ मार्च, रात्र
नॅशुआहून

काका, तिला विचारलं. ग्लव्ह हवाय म्हणाली. पण या वर्षी पण ट्रायआउटला तिसऱ्या बेसचंच नाव देणार आहे.