थंडीनंतर केसरचे कोवळे कलम जिवंत आहे का, हे कसे ओळखावे?

पाटकडेचा (निफाड तालुका):
गेल्या जुलैत आम्ही केसर आंब्याची कलमे लावली. जानेवारीच्या थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली उतरला होता आणि आमच्या शेताच्या सखल कोपऱ्यात पहाटे गवतावरचे दव गोठले होते. त्या कोपऱ्यातील कलमांची पाने तपकिरी, चुरचुरीत झाली असून अजून फांदीलाच लटकली आहेत. बांधाकडच्या उंच भागातील कलमांची पाने मात्र गळून गेली. शेजारी म्हणतात, सगळी उपटून टाका आणि रोपवाटिकेत नवी मागणी नोंदवा. उपटण्याआधी खात्री कशी करून घ्यावी?

जुना बागाईतदार:
पाने गळलेल्या कलमांची चिंता कमी करा. पान देठापासून सुटण्यासाठी फांदीतील पेशी जिवंत असाव्या लागतात. फांदी एकाएकी मेली तर पान वाळूनही तिला चिकटून राहते. त्यामुळे तपासणी सखल कोपऱ्यापासून सुरू करावी. केंद्रातील तापमापक जमिनीपासून बराच वर असतो आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड थंड हवा सखल जागी साचते, म्हणून तुमच्या त्या कोपऱ्यात पारा नोंदीपेक्षा बराच खाली गेला असणार.
शेंड्यापासून खाली येत दर वीतभर अंतरावर नखाने साल किंचित खरवडून पाहा. आत ओलसर हिरवा थर दिसला, तर तेथून खाली फांदी जिवंत आहे. कोरडा तपकिरी थर लागला, तर आणखी खाली सरकावे. मात्र थंडीनंतर लगेच केलेली ही परीक्षा फसवी ठरते, कारण मेलेली सालही काही दिवस हिरवी दिसते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

कलमवाला:
वरील उत्तरात एक भर घालतो, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या रोपावर केसरची काडी जोडलेली जागा, शोधा. सांध्याच्या वर हिरवा थर असेल, तर तुमचा केसर वाचला. सांध्याखालीच हिरवे असेल, तर झाड जिवंत आहे, पण तो रायवळ खुंट (खालचे गावठी आंब्याचे रोप) आहे. त्याला मार्चमध्ये जोमदार तांबूस पालवी फुटेल आणि पाहणारा खूश होईल, पण त्या झाडाला केसर लागणार नाही. अशा खुंटावर पुन्हा कलम बांधता येते, तेव्हा उपटण्याची घाई नको.

पाटकडेचा:
दोघांचेही आभार. सखल भागातील बहुतेक कलमांत सांध्याच्या वर बोटभर हिरवे लागले. वाळलेला भाग आताच छाटावा का?

जुना बागाईतदार:
नाही. नवी पालवी फुटेपर्यंत थांबा, कारण मर कोठवर गेली आहे हे तोपर्यंत स्पष्ट होत नाही. वाळलेल्या फांद्यांची थोडी सावलीही खोडाला मिळते. नंतर जिवंत भागापर्यंत छाटून काप बोर्डो पेस्टने झाका (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). पाने नसलेल्या कलमाला पाणी कमी लागते, म्हणून आळे सतत ओले ठेवू नये, आणि पालवी येईपर्यंत युरिया तर मुळीच देऊ नये.

डोंगरउतार (सासवड):
हे सारे आंब्याविषयी, कारण तो सदाहरित आहे. बांधावर सीताफळ असेल, तर निष्पर्ण फांद्या पाहून घाबरू नका. ते हिवाळ्याअखेरीस पाने टाकतेच.