आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ का नाही?

पेठकरी, कोल्हापूर

२०२४-२५ च्या आय-लीगची गुणतालिका पाहताना एक गोष्ट खटकली. देशातल्या फुटबॉलच्या या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत बारा संघ होते. त्यांत गोव्याचे चर्चिल ब्रदर्स आणि धेंपो होते, मिझोरमचा ऐझॉल होता, मेघालयाचा शिलाँग लाजाँग होता, अगदी श्रीनगरचा रियल काश्मीरही होता. महाराष्ट्राचा मात्र एकही संघ नव्हता. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब हे इथल्या पेठांचे संघ समोरासमोर आले, की बसायला जागा मिळत नाही. अनिकेत जाधव हा इथलाच खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे इंडियन अ‍ॅरोज या तरुण खेळाडूंच्या संघाकडून आय-लीगमध्येही उतरला. खेळाडू आहेत, प्रेक्षक आहेत, तर मग अडते कुठे? तालमीच्या एखाद्या संघाला या स्पर्धेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तरी आहे का?

बालेवाडीचा जुना प्रेक्षक, पुणे

संघ नव्हते असे नाही, ते टिकले नाहीत. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची देशाची मुख्य स्पर्धा, जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. आमचा पुणे एफसी आय-लीगच्या दुसऱ्या विभागातून वर आला, पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये चर्चिलच्या मागोमाग उपविजेता ठरला. तोही २०१५ मध्ये गुंडाळला गेला. त्याच सुमारास पुण्यातच भारत एफसी नावाचा संघ निघाला आणि एका हंगामात संपला. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला गेला तो पुन्हा उभा राहिला नाही, आणि मुंबईत कूपरेजवर खेळणारा केंकरे २०२२-२३ नंतर खालच्या श्रेणीत उतरला. यांपैकी बहुतेक संघांची मालकी एखाद्या उद्योगसमूहाकडे होती आणि संघ चालवायचा की नाही हे त्या समूहाच्या हिशेबावर ठरत असे. आम्ही प्रेक्षक फार थोडे होतो, हेही कबूल केले पाहिजे. आठवड्याच्या मधल्या दिवशी भर दुपारी बालेवाडीच्या मैदानापर्यंत जाणारा माणूस एक तर विद्यार्थी असे किंवा माझ्यासारखा कार्यालयात खोटे कारण सांगून निघालेला. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग, आताची पहिली श्रेणी) सुरू झाल्यावर पैसा आणि दूरचित्रवाणी दोन्ही तिकडे वळली, आणि आय-लीगच्या संघावर खर्च करण्याचे कारण मालकांना उरले नाही.

नियमावली वाचणारा, ठाणे

पेठकरी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मार्ग आहे, पण लांबचा आहे. राज्य संघटनेच्या लीगमधून नाव पुढे गेले पाहिजे, मग आय-लीग ३, त्यानंतर आय-लीग २ आणि शेवटी आय-लीग. प्रत्येक पायरीवर वरच्या क्रमांकात यावे लागते. त्याच्या जोडीला परवान्याच्या अटी असतात. संघ कायदेशीर नोंदणी झालेली संस्था असावा, लेखापरीक्षण झालेले हिशेब असावेत, प्रशिक्षकांकडे ठरावीक दर्जाची प्रमाणपत्रे असावीत आणि वयोगटांचे संघ चालवलेले असावेत. वर्गणीवर आणि एखाद्या आश्रयदात्यावर चालणाऱ्या मंडळाला मैदानावर जिंकण्यापेक्षा ही कागदपत्रे जमवणे अवघड जाईल. दुसरी वाट पैशाची आहे. इंटर काशी हा संघ बोली लावून २०२३-२४ मध्ये थेट आय-लीगमध्ये आला. नाव वाराणसीचे, पण आय-लीगमधले घरचे सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला झाले. शाहू स्टेडियमवर तुम्ही पाहता तसला घरचा प्रेक्षक त्याला कुठून मिळणार?

वास्कोकर

गोव्याचे नाव आले म्हणून लिहितो. आमच्याकडेही सगळे सुरळीत नाही. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा विजेतेपद मिळवले. हाच संघ २०१५ मध्ये खाली घसरला, पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून त्याने परतण्याचा हक्क मिळवला, आणि तेवढ्यात आयएसएलला देशाची पहिली श्रेणी करण्याचा प्रस्ताव पुढे आल्याने साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच संघांसह त्यानेही माघार घेतली. पुन्हा आय-लीगमध्ये यायला त्याला २०२४ उजाडावे लागले. मधल्या वर्षांत मी धेंपोचे सामने स्थानिक लीगमध्ये पाहिले आहेत. संघ तोच, निळ्या-पांढऱ्या रंगांचा मानही तोच, पण समोर गावातला संघ असे.

चर्चिलची कथा तर ताजीच आहे. २०२४-२५ च्या अखेरीस त्यांचे ४० गुण होते आणि इंटर काशीचे ३९. मात्र नामधारी या संघाने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू खेळवल्याचा, आणि म्हणून त्या सामन्याचे गुण काशीला द्यायचे की नाही याचा वाद आधीपासून चालू होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अपील समितीने निकाल चर्चिलच्या बाजूने दिला, चषकही गोव्यात आला; मग जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवले आणि आयएसएलचे दार त्यांच्यासाठी उघडले. नियम काय म्हणतो ते मला समजते. तरी गुणतालिका लवादाच्या आदेशाने बदलावी लागणे ही स्पर्धेची शोभा नव्हे, असे माझे मत आहे.

पेठकरी, कोल्हापूर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. परवान्याच्या अटी वाचल्यावर वाटते, की एकट्या तालमीला हे झेपणार नाही. चार-पाच तालमींनी मिळून कोल्हापूरचा म्हणून एक संघ उभा करावा लागेल. आता खरी अडचण अशी, की दिलबहार तालमीचा माणूस पाटाकडीलच्या पोरांसाठी गळा काढून ओरडेल का?

बालेवाडीचा जुना प्रेक्षक, पुणे

समोर धेंपो असला तर ओरडेल. वास्कोकरांनी राग मानू नये.

वास्कोकर

राग कसला? आधी पंधरा वर्षांखालील मुलांचा असा एकत्र संघ काढून पाहा. परवान्याला वयोगटांचे संघ लागणारच आहेत, आणि त्या वयात पेठेचे भांडण अजून पक्के झालेले नसते.