आईच्या घरात कॅमेरावाला झाडू-रोबो घ्यावा का?

डोंबिवली_फास्ट
आईचे गुडघे गेलेत, वाकून केर काढवत नाही आणि कामाला येणाऱ्या मावशी आठवड्यातून दोन दांड्या मारतातच, म्हणून आम्ही दोघा भावांनी पैसे काढून तिला केर-पोछावाला रोबो घ्यायचं ठरवलंय. जे मॉडेल भावाने पसंत केलंय त्याला पुढे कॅमेरा आहे, माइक आहे, स्पीकर आहे, आणि ॲप उघडून मी डोंबिवलीत बसून सांगलीचं घर बघू शकतो. भावाला नेमकं हेच आवडलंय, माझं मन मात्र धजत नाहीये. मे २०२४ मध्ये अमेरिकेत काही शहरांत इकोव्हॅक्स कंपनीचे डीबॉट एक्स२ नावाचे झाडू-रोबो कोणीतरी बाहेरून ताब्यात घेतले, मिनेसोटात एका घरात तर बायकामुलं समोर असताना तो रोबो वंशद्वेषी शिव्या ओरडत सुटला. हे वाचल्यापासून झोप नीट नाही. माझं मत, कॅमेरावालं मशीन आईच्या घरात नकोच. तुम्हाला काय वाटतं?

निखिल_आयटी
दादा उगाच घाबरताय. त्या केसमध्ये कंपनीने सांगितलंय की लोकांनी दुसऱ्या साइटवर फुटलेला पासवर्डच इथे वापरला होता. वेगळा पासवर्ड ठेवा, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोड) चालू करा, राउटरवर गेस्ट वायफाय म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय करून रोबो त्यावर टाका म्हणजे घरातल्या लॅपटॉप-मोबाइलला तो शिवणार पण नाही. एकटी राहणारी आई पडली तर कळायला दुसरा काय मार्ग आहे तुमच्याकडे? रोज फोन उचलेपर्यंत जीव टांगणीला लागतो, मी अनुभवलंय ते.

अपर्णा_कोथरूड
निखिल, अर्धंच सांगतोयस. व्हिडिओ बघायला जो चार आकडी पिन लागायचा तो फक्त ॲप तपासत होतं, सर्व्हर आणि रोबो तपासतच नव्हते, म्हणजे दाराला कुलूप लावलं आणि भिंतच नाही! आणि हे डिसेंबर २०२३ मध्येच संशोधकांनी एका परिषदेत सगळ्यांसमोर दाखवलं होतं. वर ब्लूटूथची वेगळीच भानगड, ऑस्ट्रेलियातल्या एबीसी या वृत्तवाहिनीच्या पत्रकाराने मालकाची परवानगी घेऊन बाहेरच्या बागेतून तो रोबो ताब्यात घेतला, आत स्वयंपाकघरात उभा असलेला माणूस त्याला दिसत होता. सुमारे १३० मीटरवरून जमतं ते. यात त्या माणसाने पासवर्ड कितीही चांगला ठेवला असता तरी काय फरक पडला असता, सांग बरं.

निखिल_आयटी
मान्य, पिनची चूक कंपनीचीच. पण एका मॉडेलवरून सगळ्यांना झोडपायचं? मग मोबाइल पण फेकून द्या, त्यालाही कॅमेरा आहे आणि तो तर बाथरूमपर्यंत येतो.

अपर्णा_कोथरूड
मोबाइलला दर महिन्या-दोन महिन्याला अपडेट येतो रे. रोबोला किती वर्षं अपडेट मिळणार हे खोक्यावर कुठे लिहिलंय दाखव. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, सगळ्या मशीनला एकच ठरीव पासवर्ड द्यायचा नाही आणि किमान किती काळ अपडेट देणार ते आधी सांगायचं. आपल्याकडे सीसीटीव्हीला एप्रिल २०२५ पासून सरकारी चाचणी सक्तीची झाली, चांगलं झालं. पण चाकं लावलेला कॅमेरा म्हणजे सीसीटीव्हीच नाही का, तो पलंगाखालीपण जातो!

मिरजेचा_कॅमेरेवाला
मी १२ वर्षं कॅमेरे बसवतो, माझंपण ऐका. गिऱ्हाईक म्हणतं पासवर्ड सोपा ठेव, पोरांना बघता आलं पाहिजे. मग इन्स्टॉलर एकच पासवर्ड वीस ठिकाणी टाकतो आणि मार्करने डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या खोक्याच्या, डोक्यावर लिहून जातो, मी स्वतः अशी डझनभर खोकी पुसलीयत. २०२५ ला राजकोटच्या प्रसूती रुग्णालयातले बायकांच्या तपासणीचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले गेले, तिथे पासवर्ड होता ॲडमिन१२३. आणि धरलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचीपण पोरं होती, बातमी वाचून मान खाली गेली माझी. तर निखिलभाऊ, टू-फॅक्टर नि गेस्ट वायफाय तुम्हाला जमतं, पण सत्तरीच्या काकूंच्या घरी ते कोण करणार? आणि राउटर रिसेट झाला की केबलवाला येऊन परत सगळं होतं तसं करून जातो.

निखिल_आयटी
ते करायलाच मुलगा आहे ना, दिवाळीला गेला की अर्ध्या तासात होतं. नाही जमलं तर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा.

सुमन_काकू
चिकटपट्टी कशाला, मी टिकली लावलीय आमच्या रोबोच्या कॅमेऱ्यावर, मोठी मरून रंगाची. खोल्या ओळखायला त्याच्या डोक्यावर लेझरची चकती आहे त्यामुळे भिंतीला धडकत नाही, फक्त चपला आणि चार्जरची वायर दिसत नाही त्याला, तेवढं आधी उचलून ठेवावं लागतं. माइकचं मात्र टिकलीने काही होत नाही. पण डोंबिवलीकर, एक विचारू? आईंना कोणी विचारलंत का? आम्ही घरात गाऊनवर असतो, उन्हाळ्यात पदर बाजूला असतो, आणि मुलगा का असेना, कधीही बघणार म्हटल्यावर आपल्याच घरात अंग चोरून वावरायचं का?

डोंबिवली_फास्ट
काकू, खरंच नव्हतं विचारलं. आत्ता फोन केला. आधी म्हणाली तुम्ही दोघं ठरवाल ते. मग कॅमेऱ्याचं नीट समजावून सांगितलं तर गप्पच झाली आणि म्हणाली, "पडले तर शेजारच्या वहिनींकडे किल्ली आहे. केर काढणारं यंत्र द्या, बघणारं नको." कॅमेरा आणि माइक नसलेलं, नुसत्या लेझरवर चालणारं मॉडेल बघतोय आता, वायर-चपला ती उचलेल म्हणाली. भाऊ अजून नाराज आहे.

निखिल_आयटी
आईच नको म्हणाली तर विषय संपला. पण लेझरवाला घेतलात तरी वायफायवर असणारच, घराचा नकाशा ॲपमध्ये जातोच. गेस्ट वायफाय कराच, अडलं तर मेसेज टाका, मी फोनवर सांगतो.

मिरजेचा_कॅमेरेवाला
सांगलीत घर आहे ना? मी जाऊन करून देतो. पासवर्ड काकूंच्या डायरीत लिहून देईन, मशीनवर नाही.