मदत हवी आहे: लघवीच्या टेपच्या ऑपरेशननंतर संबंधांवर काय परिणाम होतो?

मैत्रिणींनो, या प्रश्नासाठी मुद्दाम नवा आयडी काढलाय.

वय ४६, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं, हे दहा वर्षं चाललंय. झुंबा सोडला, फिकट लेगिंग्ज सोडल्या. त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण दोन वर्षांपासून संबंधाच्या वेळीही लघवी निसटते. चादरीखाली जुना टॉवेल घालते आणि सकाळी ह्यांच्या आधी उठून बादलीत भिजवते. हल्ली झोपेचं सोंगच सोपं वाटतं. ह्यांना वाटतं माझं मन उडालं.

फिजिओकडे जाऊन तीन महिने केगेल (लघवी रोखायचे स्नायू आवळायचे व्यायाम) केले, थोडा फरक पडला. आता डॉक्टर टीव्हीटी करू म्हणतात, म्हणजे मूत्रनळीखाली जाळीची पट्टी, तीच टेप. संबंधांचं विचारलं तर "सहा आठवडे नको" एवढंच उत्तर. अहो, पण सातव्या आठवड्याचं काय? त्यात इंग्लंडने २०१८ मध्ये या जाळ्या थांबवल्याचं वाचलं. पुढच्या शुक्रवारची तारीख आहे. कुणी केलंय का?

प्रतिसाद १
ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी एक सांगा, नेमकी कधी निसटते? सुरुवातीला, आत जाताना, की अगदी शेवटी, सुखाच्या क्षणी? पहिला प्रकार बहुधा खोकल्यासारखाच, तो टेपने बऱ्याचदा थांबतो आणि भीती गेली की संबंधही सुधारतात. दुसऱ्यात मूत्राशय स्वतःच आकुंचन पावत असू शकतं. तिथे टेपचा भरवसा नाही, गोळ्या लागतात. युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना आतला दाब मोजतात ती) झाली आहे का?

धोका थोड्या जणींना, पण खरा आहे: दुखणं, किंवा पट्टी योनीत उघडी पडून नवऱ्यालाही टोचणं. मग पुन्हा टेबलावर. अमेरिकेतही २०१९ मध्ये बंदी आली, पण ती अंग बाहेर येण्यावर उपाय म्हणून योनीतून बसवायच्या जाळीवर होती, या टेपवर नाही. जाळी नकोच असेल तर बर्चचे टाके (मूत्राशयाचं तोंड टाक्यांनी वर उचलून धरतात) किंवा पोटाच्याच पडद्याची पट्टी, हेही विचारा. कोरडेपणा असेल तर त्याचं क्रीम वेगळं असतं.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
डॉक्टर, आज पहिल्यांदाच नीट आठवून पाहिलं. शेवटीच. आणि हे मी तिथे सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. तपासणीही झालेली नाही. शुक्रवारची तारीख पुढे ढकलायला आत्ताच फोन केला. ह्यांना टॉवेलचं सांगायचं अजून बाकी आहे.