मदत हवी आहे: जुन्या बुलेटला घरी नवे कॅम बसवले, इनलेट आठ अंश उशिरा उघडतोय

नमस्कार मंडळी. गाडी बुलेट स्टँडर्ड 350, 1994 ची, कास्ट आयर्न इंजिन. मुक्काम कोल्हापूर. "होती तशी का नाही ठेवलीस" हे घरी सगळ्यांचं बोलून झालंय, तेवढं सोडून काहीही बोला.

गाडी बाबांची. मागे कुणी बसलं की आंबा घाटात तिसऱ्याला दम तोडते आणि दुसऱ्याला नुसती कोकलते. गेल्या वर्षी बोअर करून झालाय, हेडही नीट आहे, म्हणून या वेळी कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा फुगवटा असलेला भाग) हात घातला. ज्यांनी हे इंजिन उघडलं नाही त्यांच्यासाठी: यात इनलेटचा आणि एक्झॉस्टचा कॅम वेगळा असतो आणि दोन्ही उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमागे बसतात. वर पुशरॉड, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे. त्यामुळे घरच्या अंगणात हे काम होऊ शकतं.

नवे कॅम बाहेरगावच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडून कुरिअरने आले. सोबतच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलंय: इनलेट टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) 35 अंश आधी उघडणार, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) 69 ला बंद होणार. एक्झॉस्ट बीडीसीच्या 78 आधी उघडणार, टीडीसीनंतर 36 ला बंद. दातांवरच्या खुणा, डॉटला डॉट, जुळवून बसवले. हेड उघडं होतं तेव्हा पिस्टनवर भाचीची खेळायची क्ले लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधला गॅपही बघितला. इनलेटला 2.4 मि.मी., एक्झॉस्टला 2.1. टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधला दुवा, याचीच ढिलाई लावतात) थंड इंजिनवर, पुशरॉड बोटांनी गरगर फिरेल पण वरखाली हलणार नाही, असे लावले. पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे) टीडीसीच्या 0.8 मि.मी. आधी, नेहमीसारखे.

गाडी चालू झाली. पण किक मांडीला लागतच नाही, इतकी हलकी. खालचा ओढा पार गेला. चौथ्याला 40 वरून थ्रॉटल दिला की नुसती खोकते, आणि 65-70 च्या पुढे एकदम जाग आल्यासारखी पळते. कॉम्प्रेशन गेजवर पूर्ण थ्रॉटल देऊन आधी 95 पीएसआय यायचं, आता 75. मोठ्या कॅमने खालचा ओढा थोडा कमी होतो हे मान्य, पण इतका?

म्हणून पुन्हा उघडली. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढून रोटरच्या नटावर सीडीला चिकटवलेला कोनमापक बसवला. (डावीकडून पाहिलं की इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं. यात मी अख्खा रविवार घालवला.) टीडीसी आधी सायकलच्या स्पोकने काढला होता, पण पिस्टन वर पोचला की काही अंश हललाच नाही असं वाटतं, त्यावर भरवसा नको. मग उद्यमनगरात जुन्या प्लगच्या खोळीत दांडा बसवून पिस्टन स्टॉप करून घेतला आणि दोन्हीकडून टेकवून मध्य काढला. डायल गेज व्हॉल्व्हच्या टोपीवर, टॅपेट मोजणीपुरते शून्यावर.

आकडे असे आले. एक्झॉस्ट 77 आणि 37, म्हणजे चिठ्ठीप्रमाणेच. इनलेट मात्र 27 ला उघडतो आणि 77 ला बंद होतो.

दात चुकला म्हणावं तर 720 ला (कॅमच्या एका फेऱ्यात क्रँकचे दोन) कॅमच्या दातांनी भागलं की एका दाताचे अंश निघतात, आणि माझा फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पिनियनची (कॅम फिरवणारा क्रँकवरचा छोटा गिअर) चावी सरकली असेल म्हणून तोही काढला. पिनियन धरून ठेवणाऱ्या वर्म नटाला उलटे आटे असतात हे माहीत असूनही हात आधी सवयीनेच फिरला. चावी ठणठणीत. आता मी काय चुकवतोय?

तिसरा_गिअर:
भावा, इनलेट एक दात पुढं घे आणि चालव. एवढं कोण मोजतंय.

टॅपेटकाका:
तिसऱ्या गिअरचं ऐकू नकोस. फरक अर्ध्या दाताहून कमी असताना दात हलवलास तर उशीर जाईल आणि त्याहून मोठी घाई येईल. इनलेट फार लवकर उघडला तर वर येणाऱ्या पिस्टनला वाकून नमस्कार करेल.

तुझं मोजमाप मला पटलंय. टीडीसी चुकला असता तर दोन्ही कॅम एकाच बाजूला तेवढेच सरकले असते. तुझी चावीची शंकाही तिथेच संपते, कारण पिनियन दोघांनाही फिरवतो. टॅपेट सैल असता तर इनलेट उशिरा उघडून लवकर बंद झाला असता. तुझा उशिरा उघडतो आणि तेवढाच उशिरा बंद होतो. कालावधी 284 अंश, चिठ्ठीइतकाच. म्हणजे लोबचा (कॅमच्या फुगवट्याचा) आकार बरोबर आणि जागा चूक. ग्राइंड करताना लोब दातांच्या हिशेबात फिरलेला आहे, किंवा डॉट चुकीच्या जागी मारलाय.

एकच शंका. चिठ्ठीवरचे आकडे किती लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलल्यावरचे, ते लिहिलेलं नाही. व्हॉल्व्ह हलायला लागतो तो क्षण पकडणं अवघड, लोबचा चढ तिथे फार हळू असतो. 1 मि.मी. उचलल्यावरचे दोन्ही बाजूंचे कोन घे आणि त्यांचा मध्य काढ. आणि फिरवताना कायम पुढेच फिरव. मागे आणलंस तर दातांमधली ढिलाई आकड्यात शिरते.

आणखी एक काम कर. जुना इनलेट कॅम ठेवलायस ना? तोच बसवून, त्याच सीडीवर, तसाच मोज.

धागाकर्ता:
काका, आज दिवसभर तेच केलं. 1 मि.मी.वर घेतलेला मध्य: नवा इनलेट टीडीसीनंतर 115 अंश. चिठ्ठीच्या आकड्यांवरून 107 यायला हवा. जुना कॅम बसवला तर 105, तीन वेळा मोजून. डॉट तेच, चावी तीच, सीडी तीच. ग्राइंडिंगवाल्याला फोटो पाठवले. त्याचं म्हणणं "डॉट जुळवून बसवा, सगळ्यांचं चालतं." तासाभराने स्वतःच फोन केला आणि कॅम परत मागवला. बघू.

तोवर जुना इनलेट आणि नवा एक्झॉस्ट अशी जोडी चालवू का?

टॅपेटकाका:
गावात चालव, हाणू नको. पॉइंट मात्र पुन्हा बघ. आणि दुरुस्त कॅम आला की दोन गोष्टी विसरू नकोस. तुझा 2.4 चा गॅप उशिरा उघडणाऱ्या कॅमवर मोजलेला आहे. आठ अंश पुढे आला की टीडीसीला इनलेट जास्त उघडा असेल आणि तो गॅप कमी होईल, त्यामुळे क्ले पुन्हा लाव. 1.5 च्या खाली गेला तर बसवू नकोस. आणि टॅपेटचे पाय, म्हणजे कॅमवर टेकणारे तळ, कसे आहेत? नव्या कॅमखाली जुने खड्डा पडलेले पाय ठेवलेस तर लोब हजार किलोमीटरही टिकायचा नाही.

धागाकर्ता:
काढून बघितले. एक्झॉस्टचा सपाट आहे, इनलेटच्या पायावर नखाला लागेल इतका खळगा आहे. घासून सपाट करून घ्यावा की नवाच आणावा? वरचा कडक थर जाईल का?

टॅपेटकाका:
नखाला लागत असेल तर नवाच घे. दोन्ही घे. आणि कव्हर लावल्यावर लगेच किक मारत बसू नकोस. प्लग काढ, हळूहळू फिरव, रॉकरच्या पाइपचा बँजो बोल्ट सैल करून तेल आलेलं डोळ्यांनी बघ, मगच प्लग लाव.