सेडानचा पिकअप: १.० टर्बो की १.५? सीसीला नेमकं किती महत्त्व द्यायचं?

कॅमशाफ्ट
एकाच सेडानमध्ये दोन इंजिनं मिळत असली की "पिकअप हवा तर मोठंच घ्या" हा सल्ला डोळे मिटून दिला जातो. मला तो पटत नाही. उदाहरणाला स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस घेऊ. बॉडी तीच, फरक बॉनेटखाली. ९९९ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन ११५ पीएस (अश्वशक्ती) ताकद आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, १४९८ सीसीचं चार सिलिंडरी १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. दोन्ही टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारी. म्हणजे कागदावर ताकद ३० टक्के जास्त, टॉर्क ४० टक्के जास्त.

पण हा टॉर्क रस्त्यावर उतरतो का? पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) मिळून गुणोत्तर ढोबळ १३ धरा, गिअरबॉक्समध्ये १० टक्के वाया घालवा, चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर घ्या. छोट्या इंजिनाचा जोर येतो साधारण ६७०० न्यूटन, मोठ्याचा ९४००. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, निघताना वजन मागे सरकतं, पुढे उरतो सातशे किलोच्या आसपास भार. कोरड्या डांबरावर टायर ६००० न्यूटनच्या वर फारसं धरत नाहीत. छोटं इंजिनच टायरची हद्द गाठतंय, मोठ्याचा उरलेला जोर नुसता टायर घासतो नाहीतर ट्रॅक्शन कंट्रोल तो कापतो. ताशी ४० पर्यंत दोघी बरोबरीत. शहरात अजून काय लागतं?

रेडलाइन
हिशेब बरोबर, पण सोयीच्या जागी थांबलात. पहिला गिअर ताशी ५० च्या आसपास संपतो. दुसऱ्यापासून टायरचा प्रश्न उरत नाही, मग इंजिनात जे आहे तेच चाकाला मिळतं.

हवा आणि टायर मिळून ताशी ६० ला साधारण ४ किलोवॅट खातात, १२० ला २० च्या आसपास. हे भाडं दोन्ही गाड्यांना सारखंच. पूर्ण ताकदीवर चाकापाशी छोट्याचे ७४ आणि मोठ्याचे ९७ किलोवॅट धरले, तर ६० ला वेग वाढवायला उरतात ७० विरुद्ध ९३, १२० ला ५४ विरुद्ध ७७. म्हणजे मोठ्याची आघाडी एक तृतीयांशावरून ४० टक्क्यांच्या पुढे गेली. मोठं इंजिन थोडं जड असतं, त्यातले चार-पाच टक्के वजा करा हवं तर. वेग वाढेल तशी दरी रुंदावते.

आणि ० ते १०० च्या आकड्याला लोक फार मानतात. १२०० किलोच्या गाडीला ० ते १०० साठी ४६३ किलोज्यूल लागतात, ८० ते १२० साठी ३७०. वाढ फक्त ४० ची, पण ऊर्जा पहिल्याच्या ८० टक्के, वर हवेचा विरोध वेगळा. इंजिन कळतं ते इथे.

हाफ_क्लच
दोघेही कमाल टॉर्कचे आकडे घेऊन बसलात. तो टॉर्क टर्बो फिरल्यावरचा. १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली १.० म्हणजे निव्वळ एक लिटरचं साधं इंजिन, टर्बो नसलेल्या इंजिनाला लिटरमागे ९०-१०० न्यूटन मीटर मिळतात तेवढेच. १.५ ला तिथेच १४० च्या आसपास. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून छोट्या टर्बोला १२०० वर क्लच सोडला की गाडी गळपटते. मग लोक घाबरून जास्त रेस देतात, टर्बो एकदम जागा होतो आणि टायर किंचाळतात. उपाय साधा: २००० च्या आसपास रेस धरायची, क्लच पकडीच्या टोकाला अर्धा सेकंद ठेवायचा, गाडी हलली की सोडायचा. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर त्यानंतर.

ऑटोमॅटिकमध्ये गंमत उलटी आहे. १.० ला टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा जोड) मिळतो. निघताना तो इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करून चाकाकडे देतो, त्यामुळे खालची पोकळी झाकली जाते. १.५ ला कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स); त्यात असा गुणाकार नाही, शिवाय ओळीने तीन-चार कडक स्टार्ट केले की क्लच तापतो आणि वेळ खराब होत जाते. चढावर रांगेत रांगतानाही तेच.

कॅमशाफ्ट
@हाफ_क्लच, कन्व्हर्टरचा मुद्दा मान्य, माझ्याच बाजूचा आहे. १७५० च्या पुढे मात्र छोटा टर्बो दुसऱ्या सेडानमधल्या बिनटर्बो १.५ ला मागे टाकतो. त्या बिनटर्बोत १४५ न्यूटन मीटर मिळतात, तेही ४००० च्या वर गेल्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये २२०० वरून दोघींना दाबा, १.० पुढे. आणि घाटात उंची वाढली की बिनटर्बो इंजिनाचा श्वास तुटतो: २००० मीटरवर हवा सुमारे १८ टक्के विरळ, ताकदही साधारण तेवढीच कमी. टर्बो जास्त फिरून भरपाई करतो. म्हणजे सीसी जास्त, पिकअप कमी. माझा मुद्दा एवढाच आहे.

रेडलाइन
टर्बो १.५ शी जमेना म्हणून बिनटर्बो १.५ आणलंत! बरं. ५५०० च्या पुढे बिनटर्बो ताकद देतच राहतं, १.० तिथे दमलेलं असतं. १७८ न्यूटन मीटर ४५०० पर्यंत टिकतो. आरपीएमने गुणून ९५४९ ने भागा, ८४ किलोवॅट म्हणजे ११४ पीएस. थोडक्यात ४५०० लाच सगळं हाती आलेलं. पुढे रेव्ह ताणणं म्हणजे नुसता आवाज. गिअर आधी टाका.

उंचीवर टर्बो भरपाई करतो ती बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आल्यावर. त्याआधी १.० चे ९० न्यूटन मीटरही ७५ च्या खाली येतात आणि टर्बो जागा व्हायला जास्त वेळ घेतो. हेअरपिनवर दुसऱ्या गिअरमध्ये १४०० वर बाहेर पडून बघा.

डिफरन्शियल
घाट निघालाच आहे तर एक नेहमीची गल्लत. "माणसं भरली की छोटं इंजिन जास्त मरतं" असं म्हणतात. सपाट रस्त्यावर हे खरं नाही. १२०० किलोवर ३०० चढवले की प्रवेग २० टक्के घटतो, दोघींचाही, त्याच प्रमाणात. जास्त मरतं ते चढावर, कारण वजन भागाकारात येतं आणि चढ वजाबाकीत.

५ टक्के चढ, भरलेली गाडी १५०० किलो, वेग ८०: नुसतं वर चढायला १६ किलोवॅट. हवा आणि टायरचे ८ वेगळे. ३५०० आरपीएमला चाकापाशी १.० चे ५७, १.५ चे ८०. सपाटीवर उरतात ४९ आणि ७२, म्हणजे मोठं निम्म्याने पुढे. चढावर उरतात ३३ आणि ५६. आघाडी ७० टक्के. एसीचे दोन-तीन किलोवॅटही असेच वजाबाकीतले, म्हणून छोट्या इंजिनाला एसी जास्त जाणवतो.

स्टॉपवॉच
वरचे हिशेब ठीक, पण खाली कोणीतरी मोबाइलने मीटरचा व्हिडिओ काढून "माझी ९ सेकंदांत" म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. स्पीडोमीटर नियमानुसार कमी वेग दाखवू शकत नाही, जास्त दाखवू शकतो. काटा १०० वर असताना खरा वेग ९५ असेल तर ऊर्जा दहा टक्के कमी, म्हणजे जवळपास एक सेकंद फुकट.

मोजायचंच तर १० हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदी घेणारा) जीपीएस लॉगर, बंद ट्रॅक, दोन्ही दिशांना किमान तीन-तीन फेऱ्या आणि सरासरी. टायरची हवा थंड असताना भरलेली, टाकीत इंधन सारखं, एसी बंद, गाडीत माणसं तितकीच. पहिले ३० सेंटिमीटर वगळणारी पद्धत वापरली तर तसं सांगा, त्यात सुमारे ०.३ सेकंद वाचतात. फेऱ्यांमध्ये काही मिनिटं गाडी मोकळी चालवा. उभी ठेवली की इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापतो, नॉक (इंधनाचं अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि छोट्या टर्बोची तिसरी फेरी हमखास मंद येते.

आणखी एक. दुसरा गिअर १०० च्या अलीकडे, समजा ९६ ला संपत असेल, तर एका गिअरबदलाचा अर्धा सेकंद विनाकारण लागतो. दोन गाड्यांतला "इंजिनाचा फरक" कधीकधी एवढाच निघतो.

कॅमशाफ्ट
चढाचं गणित पटलं, तिथे माघार. पण ओव्हरटेकमध्ये हा फरक प्रत्यक्षात किती? ६० ने जाणाऱ्या ट्रकच्या मागून निघालो, त्याच्या तुलनेत ५० मीटर पुढे जायचंय. सरासरी प्रवेग सेकंदाला १.५ विरुद्ध २ मीटर प्रति सेकंद धरा. ८.२ विरुद्ध ७.१ सेकंद. सव्वा सेकंदही नाही.

रेडलाइन
समोरून ८० ने येणारा त्या वेळात थांबून राहतो का? तुमचं आणि त्याचं अंतर बेरजेत घ्या: ३६७ मीटर विरुद्ध ३२५. मोकळा रस्ता ४२ मीटर जास्त लागला.

हाफ_क्लच
आणि ते ४२ मीटर गिअर चुकला तर मोठ्या इंजिनवालाही घालवतो. पाचव्यातच पाय दाबला की १.५ लाही टर्बो भरायला वेळ लागतो, एक सेकंद गेला की आघाडी संपली. १.० वाल्याने तिसरा टाकायचा तो ट्रकच्या मागे असतानाच, रेव्ह २५०० च्या वर आणून मग बाहेर निघायचं. बाहेर येऊन गिअर शोधत बसलात तर ८.२ चे ९.५ होतात, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसतात.