अनुभव सांगा : घरदार सोडून आलेली, आपल्या शेजारी रुजलेली माणसं

रंकाळ्याचा_वारा :
पुतणीच्या लग्नाचा बस्ता काढायला परवा गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बस्ता म्हटला की गांधीनगर. साड्यांचा ढीग पडलेला, बायकांचं रंगावरून चाललेलं, आणि गल्ल्यावरचे काका मला म्हणाले, तुम्ही वळिवड्याचे म्हणजे तुमच्या घरातल्यांनी पोलिश लोक बघितले असणार. एकदम आज्जी आठवली.

आज्जी लहानपणी तिच्या आईबरोबर बुट्टीतनं भाजी घेऊन वळिवड्यातल्या पोलिश कॅम्पात जायची. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडची माणसं उचलून सैबेरियात नि कझाकस्तानात नेऊन टाकली होती, तिथनं सुटलेल्या बायका-पोरं इराणमार्गे १९४३ ला वळिवड्यात आली. पाचेक हजार माणसं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी इथं उभं केलं. भाव सांगायला लागायचा म्हणून आज्जी त्यांचे आकडे शिकली. म्हातारपणी आमची नावं विसरली पण येदेन, द्वा, त्शी म्हणायची. १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला, घरी पोलंडला फार थोडे गेले, बाकीचे इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे पांगले. आणि त्याच बराकींत सिंधमधनं आलेली माणसं राहायला आली, तेच आजचं गांधीनगर.

तुमच्या आसपास अशी माणसं असतील, तुम्हीच त्यातले असाल, कुणाला मदत केली असेल तर लिहा. कागदपत्रं कशी झाली, पोरांना शाळा मिळाली का, शेजारपाजार कसा वागला, सगळं लिहा.

कॅम्प_तीनची_सून :
उल्हासनगर कॅम्प ३!! सासरचे हैदराबादचे, सिंधमधलं हैदराबाद. कराचीहून बोटीने मुंबई आणि तिथून कल्याणच्या रिकाम्या मिलिटरी कॅम्पात. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारी आले, पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजेसासूबाई सांगायच्या, एका लांबच लांब बराकीत कितीतरी संसार, मधे गोणपाट नाहीतर जुनी साडी टांगलेली. रात्री रडायचं तरी तोंडात पदर कोंबून, पलीकडे ऐकू जायचं. आजेसासरे लोकलमध्ये पापड आणि गोळ्या विकायचे, तिकडे त्यांची स्वतःची पेढी होती.
पण त्यांनी एक शहाणपणा केला होता, तिकडच्या घराचे कागद रजईत शिवून आणले होते. १९५४ चा भरपाईचा कायदा आला तेव्हा ती रजई उसवली आणि क्लेम पास झाला. शेजारच्या बराकीतले एक काका, त्यांची तिकडे म्हणे हवेली, पण जवळ चिटोरं नाही. वर्षानुवर्षं साक्षीदार शोधत फिरले बिचारे. आणि बराकींच्या जागेची सनद काढायला लोक अजून प्रांत ऑफिसला चकरा मारतात बरं का, म्हणजे पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी.
कुकर झाला, उरलेलं नंतर लिहिते

खादाड_ठाणेकर :
काकू दाल पकवान कॅम्पात कुठलं चांगलं मिळतं तेवढं सांगा आधी

कॅम्प_तीनची_सून :
बाहेरचं कशाला, रविवारी घरी या. जोक नाही करत, खरंच या

धानाचा_बांध :
मी जिल्हा परिषदेत मास्तर, पहिली पोस्टिंग मुलचेरा तालुका, गडचिरोली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांना तिकडे जंगल तोडून जमिनी दिल्या होत्या, तेव्हा तो चंद्रपूर जिल्हाच होता, गडचिरोली १९८२ ला झाला. प्रत्येक घरामागे तळं खोदलेलं आणि तळ्यात रोहू. मला पहिल्याच हप्त्यात एका आईनं डब्यात मासा नं भात पाठवला, मी शाकाहारी, पोरगं समोर उभं राहून पाहून राहिलं होतं, मग काय करता बाप्पा, भात खाल्ला नं मासा त्यालाच देला. पोट्टे वर्गात मराठी बोलत, सुट्टीत बंगाली, बाजारात गोंडीचे चार शब्द.
एक गोष्ट मात्र अजून टोचते. तिथले बरेच लोक नमःशूद्र. बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे सरकारनंच माणूस इकडे आणून वसवला नं त्याची सवलत सीमेवरच राहिली. माझी एक पोरगी दहावीला तालुक्यात चमकली, पुढे स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये जातीच्या रकान्यापाशी येऊन अडकली. ओपनमधून फी भरायची ऐपत नव्हती बापाची. लग्न झालं तिचं. कधी भेटली तर गुरुजी म्हणून पायाच पडते, मला कसंनुसं होते.

रंकाळ्याचा_वारा :
गुरुजी 🙏 वाचून गलबललं

सेटल्ड_इन_टोरांटो :
ऑफिसच्या ब्रेकमध्ये लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इकडे कॅनडात २०२४ पर्यंत पाच किंवा जास्त लोक मिळून एखादं निर्वासित कुटुंब स्पॉन्सर करायचा अर्ज टाकू शकत होते, पहिल्या वर्षाचा खर्च आणि बाकी सगळी धावपळ आपली. आम्ही शेजाऱ्यांनी मिळून एक सीरियन कुटुंब बोलावलं होतं, आईवडील आणि तीन मुलं. बायकोनं हौसेनं आठवड्याभराचं जेवण करून फ्रीज भरून ठेवला, पराठे काय, छोले काय. त्या बाईंनी फ्रीज उघडला, हसल्या, थँक्यू म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुभाष्यामार्फत विचारलं की तांदूळ आणि कांदे कुठे मिळतात. इतकी वर्षं दुसऱ्यानं वाढलेलं खाऊन त्या कंटाळल्या होत्या, स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या हातानं करायचं होतं. मग बायको आणि त्या बसने बाजारात गेल्या, एकीला अरबी येईना, दुसरीला इंग्रजी, वेलदोडा हातात धरून दोघी खूण करतायत. आज त्या दोघींची जेवढी दोस्ती आहे तेवढी माझी ऑफिसात कोणाशी नाही.
सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विमानातून उतरल्याबरोबर त्यांना पर्मनंट रेसिडेन्सी मिळते. हेल्थ कार्ड, शाळा, नोकरी, कशालाही उद्या हाकलतील ही भीती नाही. तरी तेरावा महिना अवघड जातो, आमचा आधार थांबतो आणि पगार पुरत नाही. त्या दादांचं तिकडे शिवणकामाचं वर्कशॉप होतं, इथे गोदामात रात्रपाळी करतात

स्वेटरवाली_ताई :
उरलंसुरलं ऊन खात टाइप करतेय. मिस्टर बँकेत, अर्जुनी मोरगावला होतो आम्ही. जवळ गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. धान लावतात आणि थंडीत स्वेटर विकायला गावोगाव जातात, तुमच्या गावातल्या तिबेटी स्वेटरच्या रांगेतली कोणीतरी तिथली असेल. इथेच जन्मलेली माणसं, झाडीबोली फर्डी बोलतात, पण हातात आरसीचं (परदेशी म्हणून नोंदणीचं) पुस्तक, ते रिन्यू करत राहायचं आणि परदेशी जायला पासपोर्टऐवजी पिवळं पुस्तक. मिस्टर सांगायचे काउंटरवरच्या नव्या पोरांना ते पुस्तक काय आहे हेच माहीत नसायचं, उलटसुलट बघून परत द्यायचे. मिस्टरांनी सगळ्या स्टाफला बसवून समजावलं की हे चालतं, खातं उघडा. लोसारला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, आम्हाला हमखास बोलावणं असायचं. लोणी-मिठाचा चहा मला नाही जमला पण मोमो!!

खादाड_ठाणेकर :
मोमो. या धाग्यावर उपाशीपोटी येऊ नये

सदाशिवपेठी_मावशी :
आमच्याकडे वरच्या खोलीत एक अफगाण मुलगा भाड्याने होता, एमकॉमला. परदेशी भाडेकरू म्हणजे तेव्हा त्याच्या नोंदीचा ऑनलाइन फॉर्म सी भरायला लागायचा, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं रीतसर केलेलं. ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. तिकडे बँका बंद, वडिलांचे पैसे यायचे थांबले. हे म्हणाले भाड्याचं राहू दे, आधी जेवायला खाली बोलव. तो खाली यायचा पण फोन ताटाशेजारी उलटा ठेवायचा, वाजला की घास हातात तसाच. बहिणीचं कॉलेज बंद झालं ते त्याला जेवताना कळलं. व्हिसा वाढवून मिळाला पण नोकरीची परवानगी नाही, मग खायचं काय हो माणसानं? सोसायटीत एक-दोघांनी कुजबुज केली तेव्हा मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, मुलगा माझ्या घरात राहतो, काय विचारायचं ते मला विचारा. आता जर्मनीत आहे, ईदला व्हिडिओ कॉल करतो, मावशी औषध घेतलं का विचारतो.

रंकाळ्याचा_वारा :
मावशी जिंकलात

नागपूरची_अर्चू :
माझं अर्जंट आहे म्हणून सरळ विचारते. जरीपटक्यात आमच्या शेजारी सिंधमधून आलेलं हिंदू कुटुंब आहे, माणसं फार चांगली. लाँग टर्म व्हिसावर आहेत, नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय. मुलगी बारावी झाली, कॉलेजवाले म्हणतात पासपोर्टची मुदत संपली, ॲडमिशन देता येत नाही. रडून रडून डोळे सुजलेत पोरीचे. कोणाला काही माहीत आहे का??

काळा_कोट :
अर्चू, घाबरू नका. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणून प्रत्येक गटाला वेगळी खिडकी. तिबेटींना आरसी, पाकिस्तान-बांगलादेश-अफगाणिस्तानच्या अल्पसंख्याकांना एलटीव्ही म्हणजे लाँग टर्म व्हिसा, बाकीच्यांकडे दिल्लीतलं यूएनचं निर्वासित कार्ड, आणि ते कार्ड किती ऑफिसं मानतात हे मी रोज बघतो. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने याच तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट मिळाली, पण जीव वाचवून आलेला रोहिंग्या किंवा अफगाण हजारा त्यात बसत नाही. मला हे पटत नाही, जीवाची भीती सगळ्यांची सारखीच असते. सुप्रीम कोर्टाने १९९६ ला चकमांच्या (पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेले निर्वासित) केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की जगण्याच्या हक्काचं कलम २१ नागरिक नसलेल्यालाही लागू आहे.
तुमच्या शेजारच्या मुलीचं : एलटीव्हीवर शिक्षण घेता येतं, त्याच सवलतींत बँक खातं, पॅन, आधारही आहे. कॉलेजला तोंडी काही बोलू नका, नकार लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की सूर बदलतो. सोबत एलटीव्हीचं पत्र, एफआरओचा (परदेशी लोकांच्या नोंदणी ऑफिसचा) राहण्याचा परवाना, नागरिकत्वाच्या अर्जाची पावती आणि जुन्या पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स न्या. तरी अडलं तर मला व्यनि (खाजगी मेसेज) करा, फी घेणार नाही.

नागपूरची_अर्चू :
दादा खूप खूप धन्यवाद. सोमवारी सुट्टी टाकून मीच जाते तिच्यासोबत. शाळा सोडल्याचा दाखला ओरिजिनल द्यायचा का झेरॉक्स?

काळा_कोट :
ओरिजिनल फक्त दाखवायचा, ॲडमिशन झाल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. झेरॉक्सवर पोहोच घ्या.